अमरवेल अर्थात अफ्तिमून : औषध किती, धोका किती? तोडण्याआधी 'कोणत्या झाडावरची' हे विचारा

पावसाळा सरला आणि थंडी पडू लागली की हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, कुठल्याही रस्त्याने जा, बोरी-बाभळीवर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरलेले दिसते. पान नाही, जमिनीत मूळ नाही, तरी वेल ताजीतवानी. हीच अमरवेल. कोणी आकाशवेल म्हणतात, कोणी निर्मुळी. आपल्या घरांत अमरबेल किंवा आकासबेल म्हणतात आणि हकीमसाहेबांच्या चिठ्ठीवर तिचे नाव असते अफ्तिमून.

या वेलीबद्दल आमच्याकडे नेहमी विचारणा होते. कावीळ झाली, अमरवेलीचा काढा द्यावा का? केस गळतात, तेल करावे का? शुगरवर चालते का? कोणी सांगतो बाळंतपणानंतर बायकांना द्या, तर दुसरा सांगतो मूल नको असेल तर द्या. मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ तर तिला शंभर आजारांवरचे एक औषध ठरवून मोकळे होतात. म्हणून या लेखात आम्ही तिच्याबद्दल पुराव्याने काय सिद्ध आहे, काय फक्त उंदरांवर दिसले आहे आणि कुठे जिवाला धोका आहे, हे एकत्र मांडत आहोत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. अमरवेल हे 'एक' औषध नाही. ती ज्या झाडावर बसते त्या झाडाचा रस पिते आणि त्या रसातले बरेवाईट तिच्यातही उतरू शकते. त्यामुळे वेल तीच दिसली तरी बोरीवरची वेगळी आणि कण्हेरीवरची वेगळी.

ही वेल जगते कशी?

अमरवेलीचे शास्त्रीय नाव कस्कुटा रिफ्लेक्सा. हे नाव तिला विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस दिले. कस्कुटा कुळात जगभरात सुमारे २०० प्रजाती आहेत. आपल्याकडे झाडाझुडपांवर जी जाड, हिरवट-पिवळ्या दोऱ्यांची वेल दिसते ती बहुतेक रिफ्लेक्सा. लसूणघासात किंवा कडधान्यात जी बारीक केशरी-पिवळ्या धाग्यांची वेल शिरते ती दुसरी प्रजाती, कस्कुटा कॅम्पेस्ट्रिस. दोघींनाही लोक अमरवेलच म्हणतात.

बी रुजते जमिनीतच. त्यातून धाग्यासारखा कोंब येतो आणि आधार शोधत गोल फिरतो. थोड्या दिवसांत झाड सापडले नाही तर तो वाळून जातो. सापडले की त्याला विळखा घालतो, सालीत बारीक शोषक मुळे घुसवतो आणि मग जमिनीशी नाते तोडतो. पाणी, साखर, क्षार सगळे त्या झाडाकडून. स्वतः अन्न तयार करण्याची ताकद तिच्यात जवळजवळ नाही. २०१८ साली कस्कुटाच्या दोन प्रजातींची संपूर्ण जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली. पाने, मुळे आणि अन्न तयार करण्यासाठी लागणारी कितीतरी जनुके या वेलींनी गमावलेली आहेत, असे त्यात दिसले.

हा संबंध नुसता पाणी-साखरेचा नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की कस्कुटा आणि तिचे यजमान झाड यांच्यात जनुकीय संदेश वाहून नेणारे आरएनएचे हजारो रेणू दोन्ही बाजूंनी ये-जा करतात. एवढे मोठे रेणू जातात, तर झाडाच्या रसातली लहान-सहान रसायने जाणार यात नवल नाही.

नाव आपलेच आहे

कस्कुटा हे लॅटिन नाव ऐकून ही युरोपीय विद्या वाटेल. पण तो शब्द अरबीतल्या 'कशूस' या नावावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेला. अरबी हकीमांचे ग्रंथ लॅटिनमध्ये उतरले, त्यांच्याबरोबर नावही गेले. आजही युनानी दुकानात या वेलीच्या बियांना तुख्म-ए-कसूस म्हणतात.

'अफ्तिमून'ची गोष्ट आणखी बोलकी आहे. हा मूळचा ग्रीक शब्द, एपिथिमॉन. अर्थ सरळ आहे : थाईमवरची. थाईम म्हणजे ओव्यासारख्या वासाचे एक लहान झुडूप. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने या औषधाची नोंद केली, पुढे अल-राझी आणि इब्न सीना यांच्या तिब्बी परंपरेत ते रुजले. म्हणजे जुन्या लोकांनी औषधाच्या नावातच पत्ता लिहून ठेवला होता, की वेल कोणत्या झाडावरून तोडायची. आपण नाव घेतले, पत्ता विसरलो.

भारतात बाजारात अफ्तिमून दोन तऱ्हेचे मिळते. अफ्तिमून विलायती म्हणजे कस्कुटा एपिथिमम, आणि अफ्तिमून हिंदी म्हणजे आपली रिफ्लेक्सा. पहिल्याबद्दल जुन्या ग्रंथांत जे लिहिले आहे ते दुसऱ्याला जसेच्या तसे लागू होते असे गृहीत धरता येत नाही.

हकीम ती कशासाठी देतात?

१९४८ पर्यंत हिंगोली हैदराबाद संस्थानात होती. त्या राज्यात युनानीला सरकारी आश्रय होता. चारमिनारजवळचा निझामिया दवाखाना आणि तिब्बी कॉलेज ही त्याची ठळक खूण. त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या मुस्लिम घरांत अफ्तिमून, उस्तुखुद्दूस, गावजबान ही नावे आजही कानावर पडतात.

युनानीत शरीराचे चार खिल्त मानतात : दम, बलगम, सफरा आणि सौदा. अफ्तिमूनचा मिजाज गरम-खुश्क धरतात आणि तिचे मुख्य काम सौदा बाहेर काढणे, म्हणजेच मुसहिल-ए-सौदा. म्हणून मालीखोलिया, म्हणजे जुनी उदासी आणि वहम, तसेच काही त्वचारोग आणि डोकेदुखीत ती देत आले आहेत. माजून नजाहमध्ये अफ्तिमून असते. तुख्म-ए-कसूस यकृताच्या तक्रारींसाठी वापरतात. शरबत दीनार आणि माजून दबीद-उल-वर्द यांत ते पडते.

इथे लक्षात ठेवायचे दोन मुद्दे आहेत. एक, मुसहिल म्हणजे जुलाब घडवणारी. ही रोज चहासारखी प्यायची वस्तू हकीमांनी कधीच मानली नाही. दोन, जाणकार हकीम अफ्तिमून इतर औषधांबरोबर तासभर उकळत नाहीत. ती कापडाच्या पोटलीत बांधून काढ्यात शेवटी घालतात आणि तिची खुश्की कमी करायला सोबत मुस्लिह, म्हणजे दोष आवरणारे दुसरे द्रव्य देतात. म्हणजे परंपरेतही ही वेल बेताने आणि नजरेखाली द्यायची होती. व्हिडिओत बघून ग्लासभर रस पिणे ही परंपरा नव्हे.

विज्ञानाच्या कसोटीवर

आता एकेक दावा घेऊ.

केस. २००८ मध्ये भारतीय संशोधकांनी उंदरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. टेस्टोस्टेरॉन देऊन उंदरांचे केस घालवले आणि मग अमरवेलीचा अर्क त्वचेवर लावला. केस वाढले. दावा अगदीच पोकळ नाही, पण तो अर्क प्रयोगशाळेत द्रावक वापरून काढलेला होता, घरच्या कढईत खोबरेल तेलात उकळलेला नव्हता. माणसांच्या टकलावर ती चालते असे दाखवणारी भक्कम चाचणी नाही.

शुगर. पिठूळ पदार्थांची साखर करणारे एक विकर आतड्यात असते. प्रयोगशाळेत अमरवेलीतले काही घटक त्याला रोखतात. मधुमेही केलेल्या उंदरांतही साखर उतरलेली दिसली आहे. पण उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो, आणि तिथपर्यंत पोहोचणाऱ्या वनस्पती फार थोड्या. अमरवेलीच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करावे असा कोणताही पुरावा नाही.

यकृत. चीनमध्ये कस्कुटाच्या दुसऱ्या प्रजातींच्या बिया, ज्यांना तिकडे तुसिझू म्हणतात, त्यांच्या अधिकृत औषधसंहितेत आहेत. अशा बियांच्या अर्काने पॅरासिटामॉलमुळे होणारी यकृताची हानी उंदरांमध्ये कमी झाली, असे अभ्यास आहेत. पण ते बी, ती प्रजाती आणि ती इजा सगळेच वेगळे. आपल्याकडच्या विषाणूजन्य कावीळीशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही.

उदासी. इथे मात्र माणसांवर एक प्रयत्न झाला आहे. गेल्या दशकात इराणमधील डॉक्टरांनी नैराश्याच्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत कस्कुटाच्या एका प्रजातीचा अर्क दिला आणि लक्षणांत सुधारणा नोंदवली. इब्न सीनाच्या काळापासून ज्यासाठी अफ्तिमून देत आले, नेमक्या त्याच कामासाठी तपासणी झाली ही समाधानाची गोष्ट. पण रुग्णसंख्या पन्नासच्या आत होती, काळ थोड्या आठवड्यांचा होता, आणि अर्क गोळ्यांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता.

रक्तदाब. १९७० च्या दशकात भारतात कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात अमरवेलीच्या अर्काने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके दोन्ही खाली आले. याच्याकडे 'फायदा' म्हणून बघणारे, ज्यांचा रक्तदाब आधीच गोळ्यांनी खाली आणलेला आहे त्यांचे काय होईल, हे विसरतात.

गर्भ आणि पाळी. २००३ मध्ये जादवपूर विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की अमरवेलीच्या खोडाच्या अर्काने मादी उंदरांचे मासिक चक्र थांबते आणि बीजांडकोशात हार्मोन तयार होण्यात अडथळा येतो. मूल राहावे म्हणून अमरवेल घेणाऱ्या बहिणींनी हे दोनदा वाचावे. ज्यासाठी घेता, नेमके त्याच्या उलट घडण्याची शक्यता प्राण्यांत दिसली आहे.

थोडक्यात हिशोब असा : प्रयोगशाळेत पुष्कळ, उंदरांवर बऱ्यापैकी, माणसांवर नावापुरते. शेकडो वर्षे वापरात असलेल्या वनस्पतीसाठी ही कमाई फार थोडी आहे.

खरा धोका : यजमान झाड

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९९३ मध्ये जर्मन संशोधकांनी आपल्याच अमरवेलीला, कस्कुटा रिफ्लेक्साला, ल्युपिन या शेंगवर्गीय झाडावर वाढवले. ल्युपिनमध्ये कडू, विषारी अल्कलॉइड असतात. वेल तपासली तर ते अल्कलॉइड तिच्यातही मिळाले. वेलीने ते स्वतः बनवले नव्हते, झाडाकडून ओढून घेतले होते.

दुसरे उदाहरण अमरवेलीचे नाही, पण तिच्याच धंद्यातल्या बांडगुळाचे आहे, आणि ते आपल्या अंगणाच्या जास्त जवळचे आहे. आंबा, लिंब, मोह यांच्या फांद्यांवर पानांचे जे वेगळेच झुबके दिसतात ते बांडगूळ. त्याला पाने असतात, ते थोडे अन्न स्वतः करते, पण पाणी झाडाचेच पिते. गावोगावचे वैदू तेही औषध म्हणून देतात. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कण्हेरीवर वाढलेले बांडगूळ तपासले गेले, तर त्यात कण्हेरीचीच हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये सापडली.

कण्हेर म्हणजे काय हे हिंगोलीत कोणाला सांगायला नको. घरापुढे, मजारीजवळ, रस्त्याच्या दुभाजकात लाल-पांढऱ्या फुलांची कण्हेर सगळीकडे आहे. तिच्या पानाफांद्यांतले विष हृदयाची लय बिघडवते. आधी मळमळ, उलट्या, चक्कर, मग नाडी मंद आणि अनियमित, आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तीही तशीच विषारी. उकळून काढा केला म्हणून हे विष गेले असे समजू नये.

अमरवेल झाड निवडताना औषधी-विषारी बघत नाही. ती बोरीवर चढते, बाभळीवर चढते, मेंदी, अडुळसा आणि निर्गुडीवर चढते, तशी कण्हेरीवर आणि ओढ्याकाठच्या बेशरमावरही चढते. बेशरम खाऊन शेळ्या आजारी पडतात, मरतात, हे आपल्या शेळीवाल्यांना माहीत आहे. एकदा वेल तोडून, सुकवून, पुडीत बांधली की ती कोणत्या झाडाची होती हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. विकणाऱ्याला विचारा. सांगता आले नाही तर घेऊ नका.

शेतातल्या वेलीचा प्रश्न आणखी निराळा. आपला जिल्हा सोयाबीन, कापूस, तूर आणि हळदीचा. बांधावरच्या आणि पिकातल्या वेलीवर फवारणीचे औषध उडतेच. कधी तर तणनाशक तिला मारण्यासाठीच मारलेले असते. तीच वेल उपटून काढ्याला वापरणे म्हणजे औषधासोबत कीटकनाशक पिणे.

नावाची आणखी एक गफलत

कोकण किनाऱ्यावर अगदी अशीच दिसणारी एक वेल असते, कॅसिथा फिलिफॉर्मिस. तिलाही लोक अमरवेल, आकाशवेल म्हणतात. पण ती दालचिनीच्या कुळातली, अमरवेलीची दूरची नातेवाईकही नाही, आणि तिच्यात वेगळेच अल्कलॉइड असतात. ती आपल्याकडे उगवत नसली तरी पुडीतून, ऑनलाइन भुकटीतून येऊ शकते. वाळलेल्या पिवळ्या काड्यांचा चुरा बघून दोघींतला फरक सांगणे प्रयोगशाळेशिवाय अवघड आहे.

जनावरांनाही हा माल निर्धोक नाही. लसूणघासात कस्कुटा जास्त झाली आणि घोड्यांनी ती खाल्ली, तर पोटदुखी आणि पचनाच्या तक्रारी होतात असे पशुवैद्यकांनी नोंदवले आहे. चारा कापताना पिवळे धागे दिसले तर तो भाग वेगळा काढावा.

कावीळ : इथे वेळ घालवू नका

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कावीळीची. दूषित पाण्याने होणारी कावीळ, हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेक धडधाकट माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात जे काही दिले, अमरवेल, उसाचा रस, गळ्यातली माळ किंवा हातावर चुन्याचे पाणी, त्याला यश मिळते. माणूस बरा झाला म्हणून औषध खरे ठरत नाही. तो बरा होणारच होता.

पण सगळ्यांची कावीळ अशी नसते. हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षे आत राहून यकृत खराब करतात. पित्तनलिकेतला खडा किंवा गाठ यानेही डोळे पिवळे होतात. आणि गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर गोष्ट जीवघेणी होते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झालेल्या स्त्रियांपैकी १०० मागे २० ते २५ पर्यंत दगावू शकतात. अशा बाईला घरी काढा पाजत चार दिवस थांबणे म्हणजे तिचा आणि बाळाचा जीव टांगणीला लावणे. त्यात अमरवेलीचा गर्भावरचा संशय वेगळाच.

डोळे पिवळे आणि सोबत गुंगी, बरळणे, सतत उलट्या, रक्त येणे, पोट फुगणे यांपैकी काहीही दिसले, किंवा रुग्ण गरोदर असेल, तर सरळ जिल्हा रुग्णालय गाठा. बिलिरुबिन, एसजीपीटी, हिपॅटायटिसच्या तपासण्या सरकारी यंत्रणेत होतात. २०२४ पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे.

कोणी अजिबात घेऊ नये?

गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि मूल व्हावे म्हणून उपचार घेणारी जोडपी.

लहान मुले. जुलाबाने त्यांच्या अंगातले पाणी फार लवकर कमी होते.

रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेणारे. विशेषतः ज्यांची नाडी आधीच मंद आहे.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे. साखर अचानक उतरू शकते. आणि इथे एक उलटी मेखही आहे : माजून आणि शरबत हे साखरेच्या किंवा मधाच्या पाकातच बनतात. त्यामुळे 'युनानी आहे, शुगरला चालेल' असे समजून घेतलेले शरबत साखर वाढवूही शकते.

नैराश्य, मिरगी किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेले. इराणमधल्या प्रयोगात डॉक्टर लक्ष ठेवून होते. घरी ते लक्ष नसते.

शस्त्रक्रिया ठरलेली असेल ते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना काढा, माजून, भुकटी जे घेत असाल ते सांगा.

रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांनी सेहरीला मुसहिल काढा घेणे टाळावे. दिवसभर पाणी नाही आणि वरून जुलाब, अशात चक्कर येऊन पडण्याची वेळ येते. उन्हाळ्यात रमजान आला की हे आणखी खरे.

घ्यायचीच असेल तर

आम्ही मुद्दामच इथे मात्रा दिलेली नाही. मात्रा माणूस, आजार आणि बाकीची औषधे बघून ठरते, लेख वाचून नाही. पण काही गोष्टी कोणालाही पाळता येतील.

नोंदणीकृत बीयूएमएस किंवा बीएएमएस डॉक्टरांनाच विचारा. मालेगावच्या मोहम्मदिया तिब्बिया कॉलेजसारख्या संस्थांतून शिकून आलेले युनानी डॉक्टर मराठवाड्यातही सेवा देतात. भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र बघा. मागायला संकोच करू नका.

सुटी पुडी घेण्यापेक्षा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि वापराची मुदत छापलेले औषध घ्या. तरीही एक ध्यानात असू द्या. जुन्या ग्रंथांतल्या पाठाप्रमाणे बनवलेल्या युनानी औषधाला परवाना मिळण्यासाठी माणसांवर नवी चाचणी करावी लागत नाही. परवाना म्हणजे बनवायची परवानगी, आजार बरा होण्याची हमी नव्हे.

मधुमेह, वंध्यत्व, लैंगिक दुर्बलता यांसारख्या आजारांवर खात्रीशीर इलाजाची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे. 'गॅरंटी' हा शब्द दिसला की मागे फिरा.

केसांना तेल लावायचे असेल तर धोका पोटात घेण्यापेक्षा कमी. तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस थांबा. खाज, पुरळ आली तर सोडा. डोक्यावर जखम असेल तर लावू नका. झाडाची अट इथेही तीच : कण्हेरीवरची, बेशरमावरची वेल तेलालाही नको.

काही त्रास झालाच तर औषध बंद करा, उरलेली पुडी किंवा बाटली फेकू नका, ती घेऊनच डॉक्टरांकडे जा. कण्हेरीसारख्या विषाचा संशय असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे ईसीजी लगेच निघेल. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर करता येते. आयुष औषधांसाठी २०१८ पासून वेगळी व्यवस्था आहे आणि युनानीसाठी बेंगळुरूची राष्ट्रीय युनानी चिकित्सा संस्था त्यात काम बघते. आपण तक्रार नोंदवतच नाही, म्हणून 'देशी औषधाने काही होत नाही' हा समज टिकून राहतो.

दीन काय शिकवतो?

अल्लाहने आजार उतरवला तसा इलाजही उतरवला, ही शिकवण आपण सगळेच ऐकत आलो. तिच्या आधाराने कोणी कोणतीही वेल पाजतो. पण हदीसमध्ये हेही आहे की ज्याला तिब्बचे ज्ञान नाही आणि तरी जो इलाज करतो, तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार आहे. आणि स्वतःला वा दुसऱ्याला इजा न पोहोचवणे हा तर शरीयतचा पाया. जुन्या हकीमांनी मिजाज, मात्रा, मुस्लिह आणि झाडाचा पत्ता एवढे सगळे जपले ते याच जबाबदारीच्या जाणिवेने. त्यांचे नाव घेऊन त्यांची शिस्त सोडणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

अफ्तिमूनमध्ये काही आहे, हे आतापर्यंतच्या प्रयोगांवरून नाकारता येत नाही. नैराश्यावर तिची मोठी, नीट चाचणी व्हायला हवी. कोणत्या झाडावरच्या वेलीत काय उतरते हे आपल्याच मराठवाड्यातल्या बोरी, बाभळी, निर्गुडीवरून तपासायला हवे. १९७८ पासून केंद्रीय युनानी औषध संशोधन परिषद आहे, विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, आपल्या मुली-मुलांपैकी कितीतरी जण बीयूएमएस आणि एमएस्सी करत आहेत. प्रबंधाला विषय शोधत असाल तर तो गावाबाहेरच्या बोरीवर लोंबतोय.

तोवर बाकीच्यांनी एवढेच करायचे. कोणी अमरवेलीची पुडी हातात ठेवली की तीन प्रश्न विचारा : कोणत्या झाडावरची? कोणी सांगितली? माझ्या चालू गोळ्यांबरोबर चालेल का? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर पुडी परत करा.